बारावा महिना

मार्च संपत आला की पुण्यात सदाशिव पेठेपासून कर्वेनगरपर्यंत भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर कागद दिसायला लागतात. ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल. फक्त मुलींसाठी. पाणी भरपूर.’ खाली जाड मार्करने फोन नंबर आणि त्याहून जाड अक्षरात ‘एजंट क्षमस्व’. कॉट बेसिस म्हणजे अख्खी खोली नव्हे, खोलीतली एक कॉट भाड्याने. ज्यांच्यासाठी हे कागद लावलेले असतात ती मुलं तेव्हा सबमिशनच्या फायली पुऱ्या करत असतात. पुढच्या वर्षी कुठे राहायचं हा प्रश्न त्यांच्या मते पुढच्या वर्षीचा असतो. त्यामुळे चांगल्या जागा एप्रिलमध्ये जातात, बऱ्या जागा मेमध्ये, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पहिल्या वर्षाची मुलं आईवडिलांसह स्वारगेटला उतरतात तेव्हा उरलेल्या जागांनाही भाव आलेला असतो.

पहिल्या वर्षाला बाहेरगावची बरीच मुलं कॉलेजच्या वसतिगृहात असतात. तिथे एक गोष्ट उशिरा कळते. एकदा मिळालेली वसतिगृहाची खोली आपोआप पुढे चालू राहत नाही. प्रवेश दर वर्षी नव्याने होतो, गुणांवर यादी लागते, आणि जागा कमी असल्या की बहुतेक ठिकाणी नव्या मुलांना आधी घेतात. परीक्षा संपली की खोली रिकामी करायची, गादी-बादली कुठेतरी टाकायची आणि गावी जायचं. दुसऱ्या वर्षाच्या यादीची वाट बघत मे काढला आणि नाव लागलं नाही, तर पेठेतली वणवण ऐन गर्दीत सुरू होते. अर्ज जरूर करावा, पण एका बाजूला खोल्याही बघत राहाव्यात.

शहराचा नकाशा कॉलेजांनी आखून दिलेला आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रोडच्या आसपास, कारण अभ्यासिका तिथे. धनकवडी-कात्रजला भारती विद्यापीठाची, कोथरूडला एमआयटीची, विमाननगरला सिंबायोसिसची, कर्वेनगरला कमिन्सच्या मुली, आकुर्डी-निगडीला तिकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची. मेट्रोमुळे यात थोडा फरक पडला. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट हे दोन्ही मार्ग २०२४ मध्ये पूर्ण झाले, त्यामुळे शिवाजीनगरला कॉलेज असलेल्याने शिवाजीनगरलाच राहायला हवं असं उरलं नाही. कासारवाडीची किंवा वनाझची खोली बघायला हरकत नाही. मात्र स्टेशनपासून खोलीपर्यंतचं अंतर रात्री नऊ वाजता, पायी, एकदा चालून बघावं. मुलींनी तर नक्कीच. दुपारी दोन वाजता दहा मिनिटांचा वाटलेला रस्ता दिवे नसले की वेगळाच निघतो.

आता ‘बारावा महिना’ म्हणजे काय ते सांगायला हवं. पुण्यातला भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. का, असं मालकाला विचारलं तर ‘तसाच असतो’ एवढं उत्तर मिळतं. खरं कारण जुनं आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून ती टाळायला देशभर अकराचा आकडा रुजला. महाराष्ट्रात त्याचा उपयोग कधीच संपला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे फक्त राहायची परवानगी देणारा, करार (आपला अकरा महिन्यांचा तोच) कितीही मुदतीचा असो, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याच कलमात विद्यार्थ्याच्या फायद्याची एक ओळ आहे, ती फारसं कुणी वाचत नाही. करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं असेल तर तसं मालकाने सिद्ध करायचं. म्हणजे पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून ‘झालं काम’ म्हणणारा मालक स्वतःचीच बाजू लंगडी करून ठेवतो.

तर अकरा महिन्यांनी नोंदणी वाचत नाही. पैसे तरी वाचतात का? एक फ्लॅट धरू: भाडं २०,०००, डिपॉझिट ६०,०००, चौघे राहणार. मुद्रांक शुल्क पाव टक्का, ते मुदतीच्या एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वार्षिक दहा टक्के व्याजावर. अकरा महिन्यांचं भाडं २,२०,००० आणि व्याज ५,५००, मिळून २,२५,५००. त्याचा पाव टक्का ५६४ रुपये. बारा महिने धरले तर २,४६,००० वर ६१५. फरक पन्नासेक रुपयांचा, वरच्या शंभरात पूर्णांक केला तरी शंभराच्या एका नोटेचा. नोंदणी फी शहरात दोन्हीकडे १,००० रुपयेच. ऑनलाइन नोंदणीचं काम करणारा एजंट घरी येऊन अंगठे घेतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो, तेही दोन्हीकडे तेवढेच.

एवढ्याशा फरकापायी तो बारावा महिना कुणाचाच राहत नाही. करार १ जूनला सुरू झाला की ३० एप्रिलला संपतो, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षांच्या तोंडावर. त्या आठवड्यात मालक सहज येतो आणि म्हणतो, “पुढच्या वर्षी दोन हजार वाढवतोय, बघा परवडतं का.” दुसऱ्या दिवशी मॅथ्सचा पेपर असलेला मुलगा काय घासाघीस करणार? शिवाय मुदत संपल्यावर राहत राहिलं तर कलम २४ प्रमाणे मालकाला दुप्पट दराने भरपाई मागता येते. प्रत्यक्षात असं क्वचित घडतं, पण दमात घ्यायला तेवढं पुरतं.

उपाय सोपा आहे, पण करार करतानाच करायचा. मुदत अकराऐवजी बारा किंवा चोवीस महिने मागायची. भाडेवाढ किती टक्के आणि कोणत्या महिन्यापासून ते आधीच लिहून घ्यायचं. दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस. लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत करार मोडता येत नाही तो काळ, असेल तर तो दोघांना सारखा. बऱ्याच छापील मसुद्यांत तो फक्त राहणाऱ्यावर असतो. मालक अकरावर अडूनच बसला तर सुरुवातीची तारीख हलवायची. १ ऑगस्टला सुरू झालेला करार ३० जूनला संपतो, तेव्हा परीक्षा झालेली असते आणि डोकं ठिकाणावर असतं.

अठरा पूर्ण नसलेल्या मुलाची करारावरची सही कायद्याने चालत नाही. पहिल्या वर्षाची आणि डिप्लोमाची पुष्कळ मुलं सतराची असतात. तिथे पालकाच्या नावाने करार आणि राहणारा म्हणून मुलाचं नाव, असं करतात. पालकाचा अंगठा लागतो, त्यामुळे ते पुण्यात आहेत त्याच दिवशी हे उरकावं. नाहीतर परभणीहून कुणाला तरी केवळ अंगठ्यासाठी रात्रीच्या बसने यावं लागतं.

आणि ती सगळ्यात चिवट गोष्ट: डिपॉझिट. विद्यार्थ्यांच्या फ्लॅटमध्ये एक शब्द नेहमी ऐकू येतो, ‘रिप्लेसमेंट’. जाणाऱ्याने आपल्या जागी दुसरा आणून द्यायचा, येणाऱ्याने जाणाऱ्याच्या हातात डिपॉझिटचा वाटा ठेवायचा, आणि मालकाला याचा पत्ताही नसायचा. वरच्याच फ्लॅटमध्ये प्रत्येकाचे १५,००० आहेत. पहिला जातो, दुसऱ्याकडून १५,००० घेतो. वर्षाने दुसरा जातो, तिसऱ्याकडून १५,००० घेतो. तीन वर्षांनी फ्लॅट सोडायची वेळ येते तेव्हा करारावर ज्यांची नावं होती त्यांतला एक बंगळुरूला नोकरीत, एक जर्मनीत, आणि घरात राहणाऱ्या चौघांपैकी कुणाचंच नाव कागदावर नाही. मालक रंगाचे ८,००० आणि लाइट बिलाचे २,४०० कापतो, उरलेले ४९,६०० देतो. तेही कधी कधी करारावरच्याच माणसाच्या खात्यात. चौघांना प्रत्येकी १२,४०० मिळतात. जो सहा महिन्यांपूर्वी आला त्याने भिंतीवरच्या अशा तेलकट डागाचे पैसे भरलेले असतात जो त्याच्या आधीच्या आधीच्याने पाडला होता.

याला दोनच इलाज आहेत. एक, प्रत्येक बदलीच्या वेळी पैसे मालकामार्फत फिरवायचे: जाणाऱ्याला मालक देईल, येणारा मालकाला देईल, दोन्ही बँकेतून. मालक कंटाळतात. मग दुसरा इलाज: येणाऱ्याने जाणाऱ्याला पैसे देताना खोलीचे फोटो काढायचे आणि आत्ता आहे त्या डागांचा, फुटक्या काचेचा, थकलेल्या बिलाचा हिशोब त्या १५,००० मधून वजा करूनच द्यायचे. मालकाला दोघांच्या नावांसह मेसेज पाठवायचा: अमुक गेला, तमुक आला, डिपॉझिटचा वाटा याच्याकडे आला, कृपया कळवावे. मालकाचं नुसतं ‘ओके’ आलं तरी तो पुरावा आहे. मित्रामित्रांत असा हिशोब करायला संकोच वाटतो हे खरं. पण मैत्री मोडते ती असा हिशोब न केल्यानेच जास्त.

खोली बघायला कधी जायचं याचाही विचार करावा लागतो. मेमध्ये बघितलेली खोली पाण्याबद्दल खरं बोलते आणि गळतीबद्दल खोटं. ऑगस्टमध्ये बरोबर उलट. मेमध्ये गेलात तर बाथरूमचा नळ पूर्ण सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. टाकी कुणाची, मोटर कोण लावतं, पाणी कोणत्या वेळी येतं, टँकर येत असेल तर त्याचे पैसे भाड्यात धरलेत का, हे मालकापेक्षा शेजारच्या खोलीतल्या मुलांना विचारलेलं बरं. वाघोली, लोहगावकडे हा टँकरचा प्रश्न भाड्याइतकाच महत्त्वाचा. गळतीसाठी मेमध्ये वर बघायचं. छताच्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखे पिवळट गोल डाग, खिडकीखाली पोपडे, कपाटाच्या मागच्या फळीला कुबट वास. आणि चार भिंतींपैकी एकाच भिंतीला ताजा रंग दिलेला असेल तर ती भिंत हाताच्या पालथ्या बाजूने चाचपायची. ओल तिथेच असते.

कॉटही निरखून बघावी. पेठेतली कॉट म्हणजे साधारण सहा फूट बाय अडीच फूट लोखंडी पाइपची चौकट, वर प्लाय आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गादी. मोबाइलचा टॉर्च लावून गादीची शिवण उलगडायची. शिवणीत बारीक काळे ठिपके दिसले तर ते ढेकणांचे. मग प्लाय उचलून चौकटीचे चारही कोपरे आणि पाइपची उघडी तोंडं बघायची. त्यांचा मुक्काम तिथे असतो. एक खोली साफ करून भागत नाही, ते भिंतीच्या फटीतून शेजारून परत येतात. गादी मालकाची असेल तर सरळ नवी मागायची किंवा आपली आणायची. जाणारा सिनियर ‘गादी घे, तीनशे दे’ म्हणाला तर तो उदार झालाय असं समजू नये.

विजेचा हिशोब बघावा. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात: शंभर युनिटपर्यंत एक दर, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, पुढे आणखी चढा. तीन खोल्यांना मिळून एकच मीटर असेल तर सगळ्यांचे युनिट एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातात. दोन किलोवॅटचा गिझर माणशी पंधरा मिनिटं चालला तर चौघांचे रोजचे दोन युनिट, महिन्याचे साठ. खोलीपुरता मालकाने लावलेला वेगळा सबमीटर असेल तर मालक युनिटमागे किती लावतो ते आधी विचारावं, कारण तो आकडा तोच ठरवतो. राहायला यायच्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढायचा आणि बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक मागून घ्यायचा. त्यावरून आधीची थकबाकी दिसते. क्रमांक द्यायला मालक का-कू करत असेल तर समजून जावं.

मेस किंवा डबा खोलीशी बांधलेला आहे का, तेही विचारा. एके काळी या शहरात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी सहायक समिती आजही खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींची राहण्याजेवणाची सोय करते. तिथला अर्ज वेळेत करणं हा कुठल्याही एजंटपेक्षा चांगला रस्ता, पण जागा मोजक्या. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यामुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाह भत्त्याचे ८,०००. निवासाचे वीस हजार म्हणजे दहा महिन्यांना महिना दोन हजार, आणि दोन हजारांत पुण्यात कॉट मिळत नाही, हे वेगळं सांगायला नको. शिवाय रक्कम एकरकमी नव्हे, टप्प्यांनी येते आणि भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचं असतं. तेव्हा पहिले चार-पाच महिने स्वतःच्या पैशांवर काढायची तयारी ठेवूनच भाडं ठरवावं, आणि करार व पावत्या जपून ठेवाव्यात. भाडं रोखीत घेऊन पावती न देणारा मालक या मुलांना सगळ्यात महाग पडतो.

पीजीवाले (पेइंग गेस्ट ठेवणारे) कधी कधी भाड्यावर जीएसटी लावतात. जुलै २०२४ पासून माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान नव्वद दिवसांच्या निवासाला तो माफ आहे. सोसायटीवाले ‘बॅचलर भाडेकरू’ म्हणून जास्तीचे पैसे मागतात, तिथेही नियम माहीत असावा. मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा नॉन-ऑक्युपन्सी आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तो मालकाने द्यायचा असतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणंही मालकाचंच काम. आपल्याला त्याच्याकडे फक्त आधारची प्रत, फोटो, गावचा पत्ता आणि ओळखीच्या दोन माणसांची नावं द्यावी लागतात. ही माहिती दिली की नाही ते विचारावं, कारण रात्री कुठे काही झालं तर पहिला प्रश्न तोच येतो.

मोबाइलवर खोली बघून टोकन पाठवणाऱ्यांसाठी एवढंच. फ्लॅट फार छान, भाडं फार कमी, मालक ‘लष्करात आहे, बदली झाली आहे’ आणि पैसे परत करण्यासाठी तो क्यूआर कोड पाठवतोय, असं असलं की फोन ठेवून द्यायचा. पैसे मिळायला पिन टाकावा लागत नाही. लांबून ठरवायचंच असेल तर पुण्यातल्या कुणाला तरी जागेवर उभं करून व्हिडिओ कॉल करायचा आणि नळ सोडायला सांगायचं.

मे-जूनमध्ये गावी जाताना खोली धरून ठेवायची की सोडायची? ज्याचा करार बारा-चोवीस महिन्यांचा आहे त्याला भाडं द्यावंच लागतं. अकरावाल्याला वाटतं, सोडली तर पैसे वाचतील. कॉटचं भाडं ६,५०० धरलं तर दोन महिन्यांचे १३,०००, आणि तेही कुणी न राहता. सोडली तर टेम्पो दोन वेळा, सामान ठेवायला कुणाचं तरी घर, नवी जागा एजंटकडून घेतली तर एका महिन्याचं भाडं दलाली, आणि जुलैतला चढा भाव. बहुतेक वेळा गणित बरोबरीत सुटतं. अशा वेळी मालकाला अर्ध्या भाड्यात खोली धरायला सांगून बघावं. मे महिन्यात त्यालाही रंग काढायचा असतो आणि रिकामी खोली चालते. रंगाचे पैसे मात्र डिपॉझिटमधून जाणार नाहीत हे त्याच बोलण्यात ठरवून घ्यावं. ही मागणी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात करायची. आपल्या खोलीचा कागद खांबावर लागला की उपयोग नाही.

खोली सोडायच्या दिवशी किल्ल्या मोजून द्यायच्या: मुख्य दाराच्या दोन, कपाटाची एक, गच्चीची असली तर ती. मीटरचा आणि रिकाम्या खोलीचा फोटो, भिंतीतले खिळे काढून भोकं पुट्टीने बुजवलेली. पुट्टी पन्नास रुपयांत येते आणि रंगाचा वाद अर्धा मिटवते. शेवटी माळा. इथे नेहमी काहीतरी राहतं: पहिल्या वर्षाचा ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर (रेघा आखायची पट्टी), एक कान तुटलेली बादली, कुणाचा तरी सॅकभर कोरा जर्नल पेपर. ड्राफ्टर खालच्या मजल्यावर नव्याने येणाऱ्याला द्यावा, त्याला ऑगस्टमध्ये लागेलच. बादलीच्या बुडाशी ऑइलपेंटने मालकाची अक्षरं असतील तर ती मालकाच्या सामानाच्या यादीतली आहे. तेवढी खाली उतरवून बाथरूममध्ये ठेवायची आणि तिचाही फोटो काढायचा.